खो मिळायच्या आधी

धाकू शिगवण दोन मिनिटं एका जागी गप बसला, असं कुणी शपथेवर सांगितलं तरी पूनम सागर सोसायटीमधली माणसं हसतील. जेवताना पाय हलतोय, टीव्ही बघताना पाय हलतोय, आरतीला उभा राहिला तरी टाचा वर-खाली. "खुर्चीला काटे आहेत का हो?" त्याची बायको आनंदी रोज विचारते. चौतिशी आली, पण पायाची भिंगरी काही थांबायचं नाव घेत नाही.

ह्याच भिंगरीनं त्याला गुहागरच्या शाळेतून उचलून राज्याच्या खो-खो संघात नेलं, आणि ह्याच भिंगरीनं त्याचं वाटोळं केलं. पळायला लागला की समोरच्या गड्याची पाचावर धारण बसायची. पण बसायचं म्हटलं की संपलं! ओळीत उकिडवं बसायचं, पाठीवर थाप आणि कानात 'खो' पडल्याशिवाय उठायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. धाकूलाही कळायचं, त्याच्या पायांना कळायचं नाही. हा आधीच उठायचा. शिट्टी वाजायची, फाऊल.

बाहेरही तेच. बँकेत खेळाडू म्हणून चिकटला होता. साहेब म्हणाले, सहा महिने थांब, कायम करतो. हा कसला थांबतोय! टीव्हीवरच्या लीगनं बोलावल्याबरोबर बँकेला रामराम ठोकला. लीगनं मोसमभर बाकावर बसवलं. शेवटी एक सामना दिला, त्यात हा दोनदा आधी उठला. पुढच्या वर्षी यादीत नावच नाही. तेव्हापासून एका शाळेत तासिकेवर पी.टी. शिकवतोय, आणि रात्री लीगचे सामने लागले की चॅनल बदलतोय.

गेल्या वर्षी सिल्व्हर पार्कातल्या विपुलभाईंनी त्याला दुकानात बोलावलं. टाइल्सचा धंदा, पण माणूस खो-खोचा वेडा. म्हणाले, "धाकूभाई, आपण टीम बनवू. सगळे टाकून दिलेले प्लेयर."

धाकूला राग आला. "टाकून दिलेले?"

"अरे, कोपरा तुटला म्हणून लादी फेकते का कोण? कापून बरोबर बसवली की कोणाला समजत पण नाय."

तर अशी ती टीम. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एकाला रेल्वेच्या संघानं काढलेलं, दोघं लग्नानंतर अंगानं सुटलेले. आणि किनाऱ्यावरच्या चौक गावचा नाथा, तेवीस वर्षांचा, वडिलांच्या बोटीवर मासेमारी करणारा. ह्याला लीगनं दोनदा चाचणीला बोलावलं होतं, दोन्ही वेळा हा समुद्रात. सकाळी सहाला मैदानावर सराव चालायचा. बाजूनं चालणारे काका-काकू टाळ्या वाजवत हसायचा व्यायाम करायचे, आणि धाकूला वाटायचं, आपल्यालाच हसतायत.

धाकूचं दुखणं नाथानं धरलं. मागून धावत यायचा, पाठीवर थाप मारायचा आणि 'खो' म्हणायचाच नाही. धाकू उठला की ओरडायचा, "दादा, हात न्हाय, आवाज ऐक! आवाज न्हाय तर खो न्हाय!"

पहिला महिना धाकू रोज फसला. चिडायचा, शिव्या द्यायचा, परत येऊन बसायचा. तिसऱ्या महिन्यात कितीही थापा मारा, गडी ढिम्म. एक दिवस जेवताना आनंदीनं टेबलाखाली वाकून पाहिलं. "अगंबाई, पाय हलत नाहीय! ताप आहे का हो?"

धाकू खूश. पण आतून जीव थाऱ्यावर नव्हता. जिल्ह्याच्या खुल्या स्पर्धेची फायनल बघायला लीगमधल्या एका संघाचे प्रशिक्षक परशुराम सर येणार होते आणि त्यांच्या संघात एकच जागा होती. पस्तिशीच्या माणसाला पुढच्या वर्षी कोण विचारतंय? आता नाही तर कधीच नाही.

फायनल रविवारी आमच्याच मैदानावर झाली. माणसं कुंपणावर चढलेली, ढोल चाललेला. शेवटचा डाव, वीस सेकंद उरलेले आणि एकच गडी टिपायचा. टिपला की सामना आपला. नाथा मागं लागला होता. समोरचा पळणारा दमला, हुलकावणी देऊन बसलेल्यांच्या मधून घुसला तो नेमका धाकूच्या पुढ्यात! हात लांब केला की संपला. त्याच क्षणी धाकूच्या पाठीवर थाप पडली.

थाप पडली, पण आवाज? ढोल, शिट्ट्या, आरडाओरडा. धाकूनं कान टवकारले. आवाज न्हाय तर खो न्हाय. तो बसून राहिला.

"ऊठ! अरे ऊठ!" विपुलभाई किंचाळले. धाकू उठला तोवर गडी खांबाला वळसा घालून गेला होता. लांब शिट्टी वाजली. सामना गेला.

धाकू सरळ पंच मिनलमॅडमकडे गेला. "मॅडम, खो दिला होता?"

"दिला होता की. चांगला खणखणीत."

धाकूला वाटलं, जन्मभर न मिळालेल्या खोवर उठलो, आणि मिळाला तेव्हा बसून राहिलो! त्याला चारचौघांत रडू आलं, आणि ते त्यानं पुसलंही नाही.

परशुराम सर जवळ आले. "धाकू, बसायला शिकलास रे. पण मला उठणारा पाहिजे." मग नाथाकडे वळले. "तू येतोस? सराव उद्यापासून पुण्यात. गाडी उभी आहे, पाच मिनिटांत सांग."

नाथा मैदानाच्या पायरीवर बसला, मान खाली घालून. "न्हाय जमणार सर. बाबा बोटीवर एकटा हाय. आन् ती जागा दादाची हाय. सवय मीच लावली त्याला."

सर खांदे उडवून गाडीकडे गेले. धाकू उभाच. खोटं कशाला सांगा, त्याचा जळफळाट झाला. वाटलं, नाही जात तर नको जाऊ दे, बस इथंच माझ्यासारखा. कुणाच्या कामात खो घालायचा तर ह्याहून सोपी वेळ नव्हती, नुसतं तोंड मिटून उभं राहायचं होतं.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

धाकू नाथाच्या मागं गेला आणि पाठीवर सणसणीत थाप मारून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "खो!"

नाथा उठला. डोक्यात काही यायच्या आधी पाय उठले. दोन पावलं गेल्यावर त्यानं वळून बघितलं. "पळ, गाढवा! बोटीचं मी बघतो!" धाकू ओरडला, आणि नाथा गाडीमागं जो सुटला तो सुटलाच.

पायरीवरची जागा रिकामी झाली होती. ज्यानं खो दिला त्यानं उठलेल्याच्या जागी बसायचं, नियमच आहे. धाकू बसला.

जरा वेळानं आनंदी आली आणि शेजारी टेकली. धाकूचा पाय परत हलायला लागला होता, जोरजोरात. ती बघत राहिली, आणि ह्या वेळी तिनं काट्यांचं विचारलं नाही.