आत्याचं डिझेल इंजिन

माझ्या आत्याने आयुष्यात दोनच गोष्टींवर पूर्ण विश्वास ठेवला. एक उकळलेली सुई आणि दुसरं टर्बो नसलेलं डिझेल इंजिन. बाकी डॉक्टर, पुढारी, नवरा आणि पाऊस यांच्याबद्दलचं तिचं मत दर आठवड्याला बदलायचं. मुदखेडजवळच्या एका खेड्यात तिने नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. सारं गाव तिला सिस्टर म्हणायचं आणि ऐकून ऐकून आतोबाही तेच म्हणू लागले. आतोबा शाळामास्तर. जुनी पांढरी डिझेलची गाडी घरी आणली त्यांनीच, पण पहिल्याच दिवशी कडब्याच्या गंजीत घातली आणि खाली उतरून, अंगावरचा कडबा झटकत, "सिस्टर, हे आपल्याच्यानं व्हायचं न्हाई," असं म्हणून किल्ली तिच्या हातात ठेवली, ती कायमचीच. आत्याने महिनाभर रजा काढली. मुदखेडच्या एका ट्रॅक्टर मिस्त्रीकडे रोज डबा घेऊन जायची, त्याच्या शेजारी पोत्यावर बसायची आणि नर्सिंगच्या परीक्षेला बसल्यासारखी वहीत सगळं उतरवून घ्यायची. शेवटी मिस्त्रीच म्हणाला म्हणे, "बस करा सिस्टर, आता मला काही शिल्लक ठेवा."

तेव्हापासून ते इंजिन तिचा पेशंट झालं. त्याचा रीतसर केसपेपर होता. ऑइल कधी बदललं, टॅपेट कधी बसवले, नोझल कधी साफ केले, सगळं निळ्या शाईत, आणि काही चिंताजनक असलं तर लाल शाईत. दर महिन्याच्या एक तारखेला ती डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी काढायची, तेही लघवी तपासायच्या काचेच्या बाटलीत, आणि ती बाटली उन्हाकडे धरून असा चेहरा करायची की शेजारच्या बायका काळजीने विचारायच्या, "कुणाची हो?" कापूस वेचणीच्या दिवसांत धूळ उडते म्हणून हवेचा फिल्टर दर रविवारी निघायचा. सकाळी गाडी काढायची तर किल्ली अर्धी फिरवून, इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं. तेवढ्या वेळात कुणी बोललेलं तिला खपत नसे. माझ्या चुलतभावाने नवी गाडी घेतली आणि तिचा बिघाड लॅपटॉप लावून शोधतात हे कौतुकाने सांगितलं, तर आत्या म्हणाली, "हात न लावता औषध लिहिणारे डॉक्टर मी लई पाहिले." आणि मग माझ्याकडे वळून, "आपलं इंजिन बघ. स्वतःच्या दमानं जेवढी हवा ओढवती तेवढीच ओढतं. टर्बोचा उसना जोर न्हाई. म्हणून टिकून राहिलं."

त्याच गाडीतून तिने अडलेल्या बायका तालुक्याच्या दवाखान्यात नेल्या. एक तर वाटेतच बाळंत झाली. आतोबा पाण्याचा कॅन धरून रस्त्याकडे तोंड करून उभे होते, तेवढीच त्यांची मदत. वाटेत जन्मलेली ती मुलगी आज कॉलेजात आहे.

माझं लग्न लातूरला होतं. "नवरदेव माझ्याच गाडीत बसणार," असं आत्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. अहमदपूर मागे पडलं आणि समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला होता, आणि बॅटरी तर आधीच म्हातारी. मागून नव्या गाडीत चुलतभाऊ येत होता. मी फोनवर सांगताच त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि म्हणाला, "आत्या, नवरदेवाला माझ्या गाडीत द्या. ही कुठंतरी बंद पडंल."

"बंद केली तर पडंल," आत्या शांतपणे म्हणाली. "हिला सुरू व्हायला लाईट लागते. चालायला न्हाई लागत."

आम्ही वेळेवर पोहोचलो. पण रविवार होता, वायरमन कुठे मिळेना, आणि एकदा इंजिन बंद केलं की सेल्फ मारायला बॅटरीत जीव नव्हता. म्हणून आत्याने ते बंदच केलं नाही. कार्यालयाच्या फाटकाशी गाडी चार तास उभ्या उभ्या चालू राहिली आणि गाडीत राखणीला आतोबा, नव्या सदऱ्यात. कार्यालयात त्रिशरण-पंचशील चाललं होतं, बाहेरून त्याला डिझेलची संथ साथ. फुलं उधळायची वेळ आली तशी आत्या स्टेजवरून उतरून ओंजळभर पाकळ्या बाहेर घेऊन गेली. आतोबांनी गाडीच्या खिडकीतून हात काढून त्या पाकळ्या कार्यालयाच्या दिशेने टाकल्या. चुलतभावाने तेवढं दृश्य फोनमध्ये टिपलं. आमच्या लग्नाचा तो सगळ्यांत चांगला फोटो.

निघताना माझ्या बायकोने हळूच विचारलं, "गाडी बंद का करत न्हाईत?" चाकूर येईपर्यंत आत्या तिला समजावून सांगत होती. ती ऐकत राहिली, आणि मधेच एक प्रश्न विचारला, तोही बरोबर. आत्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मुलगी चांगली हाय," म्हणाली. हेडलाइट लावायची वेळ यायच्या आत आम्ही नांदेडच्या वेशीत होतो.

आता आतोबा नाहीत. दोन वर्षांपूर्वी आत्याला काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. ती वाद घालेल असं आम्हाला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "समोर कुणाचं लेकरू आलं अन् दिसलं न्हाई तर?" आणि गिऱ्हाईक शोधायला लागली. पहिल्याने टायरला लाथ मारून पाहिली, त्याला तिने चहा न पाजता परत पाठवलं. दुसऱ्याला फक्त इंजिन काढून पाणी उपसायला हवं होतं. मग देगलूरकडची एक तरुण बाई आली. तिची रोपवाटिका होती आणि रोपं पोचवायला गाडी हवी होती. तिने रंग पाहिला नाही, गादी पाहिली नाही. "मावशी, हीटरला किती वेळ धरायचं?" असं विचारलं. आत्याने केसपेपर आणून तिच्या हातात दिला.

मागच्या महिन्यात मी आत्याकडे गेलो असताना त्या बाईचा फोन आला. चढाला गाडी धूर टाकून राहिली होती.

"काळा का पांढरा?"

"काळा, मावशी."

"हवेचा फिल्टर उघडून झटक. धूळ बसली असंल. मग फोन कर."

अर्ध्या तासाने पुन्हा फोन वाजला. "हाव, आता चालू कर," आत्या म्हणाली, "अन् फोन बोनेटपाशी धर." तिने डोळे मिटले. तो टकटकणारा आवाज मलाही ऐकू येत होता, लांबून, बारीक, पण ओळखीचा. थोड्या वेळाने आत्या म्हणाली, "बरी हाय." फोन बोनेटपाशी होता, त्यामुळे पलीकडे ते ऐकू गेलं नसावं. इंजिन तसंच चालू राहिलं. आत्यानेही दुसऱ्यांदा सांगितलं नाही. फोन कानाशी धरून ती बसून राहिली.