सुभेदारांच्या गाडीचा रंग

मिरजेत सुभेदारांच्या डोळ्यावरची पट्टी काढली, त्या दिवशी गाडीचा रंग बदलला. गाडी आष्ट्यात त्यांच्या अंगणात उभी होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

सुभेदार म्हणजे माझे सासरे. फौजेतून त्या हुद्द्यावर निवृत्त झाले आणि हळूहळू नाव मागे पडून हुद्दाच उरला. भावकीत, बाजारात, उसाच्या फडात ते सुभेदारच. माझ्या सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्या सुभेदारांना एरवी नुसतं "आवं" म्हणायच्या आणि रागावल्या की "आवं सुभेदार". मी साताऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. सुभेदारांच्या हिशेबी हे काम म्हणजे पुस्तकांवरचा पहारा. "पहारा वाईट न्हाई, पाव्हणं," ते म्हणायचे. "पर कुनी चोरायला बी याया पायजे की."

गाडी त्यांनी आटपाडीहून आणली. गोल दिव्यांची, फुगीर पाठीची जुनी मोटार. ती एका शेडमध्ये कित्येक वर्षं पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर शेळीची करडं निजायची.

"कोरडा मुलूख हाय, गंजानं पत्रा खाल्ला न्हाई," सुभेदार म्हणाले.

"सीट मातर शेरडांनी खाल्लीया," मामी म्हणाल्या.

या गाडीमागे एक जुनी गोष्ट होती. ती त्यांनी मला इतक्यांदा सांगितली, की मीही त्या प्रवासात होतो असं मला वाटू लागलं होतं. पोरवयात ते भरतीला निघाले, तेव्हा गावच्या डॉक्टरांनी त्यांना अशाच मोटारीतून मिरज स्टेशनापर्यंत सोडलं. ते डाव्या बाजूला बसले होते, खिडकीतून कोपर बाहेर काढून. मोटारीचा रंग होता तापल्या दुधावरच्या सायीचा. "तवाच ठरवलंतं. अशीच गाडी, असाच रंग, आन् शेजारी हिला बसवून मिरजंला जायाचं." त्या वेळी त्यांचं लग्न कुठे झालं होतं, असं मी एकदा विचारलं. "तवा ही न्हवती," ते म्हणाले, "पर जागा धरून ठेवलीती."

गाडी त्यांनी अंगणात सुटी केली आणि तिचे भाग घरभर तैनात केले. बॉनेट माळ्यावर, दिवे धान्याच्या कणगीत, बंपर पलंगाखाली. एखादा भाग हलवायचा झाला की "बदली झाली" म्हणायचे. मामींना स्वयंपाकघरात आरसे सापडले तेव्हा ते म्हणाले, "टेंपरवारी पोस्टिंग हाय, आठ दिस कळ काढ." ते आरसे पुढची संक्रांत बघून मगच हलले. नटबोल्ट त्यांनी मामींच्या लोणच्याच्या बरण्यांत भरले होते आणि बरण्या घासून जागेवर ठेवायची त्यांची शिस्त मामींच्या शिस्तीहून थोडी कमी पडायची. एकदा जेवताना माझ्या दाताखाली काहीतरी आलं. मला वाटलं, कैरीची कोय. निघाला वॉशर. मामी शरमेने उठल्या. सुभेदारांनी माझ्यापुढे हात पसरला. "आना हिकडं, पाव्हणं. सकाळधरनं ह्योच हुडकतोय."

मग रंग आला. पत्रा घासायचं काम महिनोन्‌महिने चाललं. खड्ड्यांत लांबीचा लेप भरायचा, तो वाळला की पाण्यात भिजवलेला पॉलिशकागद घेऊन घासायचा, बोट फिरवून बघायचं, पुन्हा घासायचं. जावयाला काम सांगायचं नाही म्हणून ते मला काही सांगत नसत. फक्त माझ्या खुर्चीशेजारी कागद आणि पाण्याची बादली ठेवून जात. मी पुस्तक मिटून घासू लागलो की लांबूनच म्हणत, "आवं, तुमी कशाला."

रंगासाठी आम्ही सांगलीला गेलो. निघताना मामींनी डबीत साय घालून दिली. दुकानदाराला ती दाखवा, म्हणजे घोळ नको. सुभेदारांनी डबी परत दिली. "रंग माझ्या डोक्यात हाय. डबीत कशाला न्यायाचा?"

दुकानदाराने मलईचा रंग कालवून झाकणावर लावून दाखवला. मला तो बरोबर वाटला. सुभेदारांनी मान हलवली. "हळद टाकलीया काय? पिवळं मारतंय." त्याने पांढरा घातला. तरी पिवळं मारत होतं. आणखी पांढरा घातला. शेवटी सुभेदारांनी स्वतःच सांगितलं, "वाईच निळा सोड. पांढऱ्या कापडाला नीळ लागतीच की." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मामा, आता थोडा निळसर दिसतोय."

सुभेदारांना माझी कीव आली. "रातंदिस बारीक अक्षरं वाचून डोळं ग्येलं बगा तुमचं."

जांभळीच्या फांदीला तारेने बांधून दरवाजे, बॉनेट, डिकी टांगली गेली. सुभेदार तोंडाला फडकं गुंडाळून फवारा मारायचे. हात इतका सावकाश चालायचा की जणू एखाद्या मुलाला तेल लावताहेत. रंगाचा एकेक हात वाळला की लांब उभे राहून बघायचे आणि समाधानाने म्हणायचे, "साय." मामी कपडे वाळत घालता घालता म्हणायच्या, "आवं, ह्यो तर नीळ जास्त झालेल्या धोतराचा रंग हाय. असल्या गाडीत म्या बसायची न्हाई."

"तुला बी डोळं दावाया मिरजंला न्यायाला पायजे," सुभेदार म्हणायचे. घरातल्या दोघा माणसांचे डोळे एकदम गेल्याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

मग जोडणी झाली. माळ्यावरून, पलंगाखालून, कणगीतून सगळे भाग कामावर हजर झाले. डावीकडचा दिवा लावला की हॉर्न वाजायचा. "दोनी चालू हाईत न्हवं? मग," एवढंच त्यावर सुभेदारांचं म्हणणं. बरणीच्या तळाशी थोडे बोल्ट उरले, त्यांना त्यांनी राखीव दल ठरवलं. गाडी सुरू झाली त्या दिवशी दार उघडून धरून ते बराच वेळ उभे राहिले. मामी उंबऱ्यावर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"बस की."

"सायीची करा, मग बसते."

ते दार लावून आत गेले.

पुढच्या आठवड्यात ते मला डोळे तपासायला मिरजेला घेऊन गेले. मी नको म्हणालो. पण जावयाची मजल आंधळा होण्यापर्यंत जाऊ देणं त्यांना मंजूर नव्हतं. डॉक्टरांनी मला तपासलं आणि आहे तोच चष्मा ठेवा म्हणाले. मग सहज, आलाच आहात तर, म्हणून सुभेदारांना खुर्चीवर बसवलं. बराच वेळ बघितलं.

"बाबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. तुम्हाला सगळं पिवळट दिसत असणार."

"मला सगळं बराब्बर दिसतंय," सुभेदार म्हणाले. "ह्या पाव्हण्यांचं बगा."

एका डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. पट्टी निघाल्यावर आम्ही दुपारी आष्ट्याला पोचलो. सुभेदार काळा चष्मा काढून गाडीसमोर उभे राहिले. मग त्यांनी एक डोळा झाकला. तो उघडून दुसरा झाकला. असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं.

"ह्या डोळ्यानं साय," ते हळूच म्हणाले. "आन् ह्या डोळ्यानं नीळ."

मामी दारात आल्या होत्या. "मग जुना डोळा तेवढा उघडा ठिवा आन् बसा गाडीत."

सुभेदार हसले. मामीही हसल्या. मग सुभेदार म्हणाले, "डबी भर."

या खेपेला ते साय घेऊन सांगलीला गेले. दुकानदाराने ओळखलं आणि हात जोडले. डबी उघडून रंगाशेजारी धरली, दोन्ही एक झाले तेव्हाच सुभेदार तिथून हलले. येताना साय उन्हाने नासली, रंग नीट आला.

सगळी गाडी पुन्हा करायची होती. त्यांनी सुरुवात डाव्या दरवाजापासून केली. का, ते मी विचारलं नाही. तो दरवाजा त्यांनी सोडवला, निळसर रंग घासून काढला आणि जांभळीला टांगला. फवाऱ्याचा शेवटचा हात मारल्यावर लांब उभे राहून दोन्ही डोळ्यांनी बघितलं, मग जुना डोळा झाकून बघितलं. मामींना बोलावलं. मामींनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कुटं जमलंय."

"उरलेली झाली की निघायचं," सुभेदार म्हणाले.

दोन दिवसांनी पहाटे ते झोपेतच गेले. आम्ही साताऱ्याहून पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि दरवाजा जांभळीलाच होता. माणसं त्याला धक्का लागणार नाही अशा बेताने वाकून जात होती. रंग कधीच वाळला होता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर दरवाजा मीच बसवला. मामींनी बरणी आणली आणि तो दोन्ही हातांनी पेलून धरला. मी बिजागरीचे बोल्ट आवळले. एक वॉशर कमी पडला. राखीव दलातही नव्हता. उरलेली गाडी सायीच्या रंगात करून द्यायला सांगलीचा एक रंगारी तयार होता. मी मामींना तसं सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाल्या. "किती खपून बिगडवलीया त्यांनी."

गाडी अजून आष्ट्यात आहे. तिचा रंग नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा आहे आणि डावं दार सायीचं आहे. ते लावताना थोडं खडखडतं. मामींना डोळ्यांच्या तपासणीला मी मिरजेला घेऊन जातो, तेव्हा त्या त्या दाराने बसतात आणि कोपर खिडकीबाहेर काढतात.