बाबांच्या मांडीवरची पिशवी

मित्रांनो, आज मलकापुरात कलाशिक्षकांसमोर माझं व्याख्यान झालं. तिथे जे बोलून आलो, त्याची अजून लाज वाटते आहे.

विषय होता एका स्पॅनिश अमूर्त चित्रकाराची कारकीर्द. अर्धं आयुष्य कॅनव्हास रंगवून त्यानं ब्रश ठेवला आणि लोखंडी पत्रे कापायला लागला. पत्र्यातून कापून काढलेली रिकामी जागा, हेच त्याचं शिल्प.

शेवटी कोणीतरी विचारलं, "सर, तुमच्या घरात आधी कोणी कलाकार होतं का?"

मी ऐटीत म्हणालो, "नाही. मीच पहिला."

मागच्या रांगेत बाबा बसले होते, मांडीवर कापडी पिशवी घेऊन.

घरी आल्यावर मी ती उघडली. आत आज्याचे पत्रे! वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हा आजा इथल्या कापूस दाबायच्या प्रेसमध्ये गाठींवर रंगानं छाप मारायचे पत्रे कापायचा. हत्ती, मोर, कमळ. आधी रेघ न मारता, थेट छिन्नीनं.

"बाबा, तिथंच काऊन नाही दाखवले?"

"तू त्या माणसाचं सांगून राह्यला होता, तं मले वाटलं, आता आज्याचं नाव घेशीन. मंग काढीन म्हटलं."

एवढंच बोलून ते हातपाय धुवायला गेले.

जे आज तिथे होते, त्यांनी माझं ते उत्तर खोडा. आयुष्यातला पहिला मोर मी आज्याच्याच पत्र्यातून भिंतीवर छापला होता.

तुम्हीही कधी घरातल्या माणसाला असं मागच्या रांगेत बसवून ठेवलंय का?