सांजचं वखद

मला लोक रागीट म्हणतात. खोटं कशाला बोलू, आहेच मी रागीट. नवरा गेल्यावर धारगळची काजूची छोटी फॅक्टरी मी एकटीनं चालवायला घेतली, तेव्हा शहाणपणापेक्षा रागच जास्त कामाला आला.

पण मोठ्या कारखान्यांपुढे राग काय करणार? आमच्या नऊ बायका दिवसभर बसून बिया फोडत, गर सोलत, आणि माल पडून राही. शेवटी एक व्यापारी भेटला. सेंद्रियचं सर्टिफिकेट असेल तरच घेतो म्हणाला, नाहीतर नको. बिया आमच्याच पार्से गावच्या डोंगरावरच्या, त्यामुळे मला ते सोपं वाटलं. अर्ज केल्यावर कळलं की तीन वर्षं डोंगरावर रासायनिक काही पडता कामा नये, रोजचं काम वहीत लिहायचं, आणि दरवर्षी तपासनीस येणार. एकदा चूक सापडली की पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. आणखी तीन वर्षं माझी फॅक्टरी जगली नसती, हे त्या नऊ बायकांनाही ठाऊक होतं.

डोंगराची राखण करायला सावंतवाडीकडचा एक म्हातारा होता. त्याला मी आबा म्हणे. तो तिथेच खोपीत राहायचा. काजूची बोंडं गोळा करणं, रान बेणून साफ करणं, गुरं हाकलणं, सगळं तोच बघे. कामावर ठेवताना मी त्याच्याकडून नारळावर हात ठेवून एक गोष्ट वदवून घेतली होती: या डोंगरावर दारूचा थेंब येणार नाही. का, ते त्यानं विचारलं नाही. माझा नवरा कशानं गेला ते सगळ्या गावाला माहीत होतं.

तिसऱ्या वर्षीचा, म्हणजे शेवटचा तपासनीस पुण्याहून आला. पोरसवदा, शिस्तीचा, एकच प्रश्न दोनदा विचारणारा. शेजारी आंब्याची बाग होती आणि तिथे मोहरावर फवारणी चालायची, हे त्यानं आल्याआल्याच हेरलं. आमच्या कुंपणाची झाडं निरखली, पानं उलटीपालटी केली, वही चाळली. मग म्हणाला, "आता कामगाराशी बोलतो. मालकिणीनं मध्ये बोलायचं नाही, तसा नियम आहे."

मी तोंड मिटून दगडावर बसले. माझ्यासारखीला ही शिक्षाच.

"आजोबा," तो आबाला म्हणाला, "औषध मारता का?"

आबानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"मारतंय," तो म्हणाला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तपासनिसानं पेन उघडलं. "वर्षातून किती वेळा?"

"वर्साक नाय ओ, सायेब. रोज. सांजचा एकदा." मग त्यानं पुढे जोडलं, "थंडी आसली तर दोनदा."

मला त्या म्हाताऱ्याच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं. तीन वर्षं मी डोळ्यांत तेल घालून वही लिहिली, आणि हा माझ्यामागे रोज फवारतो? शेजारच्या बागेतून उचललं असेल, फुकट मिळतं म्हणून. माझ्या मनात त्याला देता येतील तेवढ्या शिव्या देऊन झाल्या.

तपासनीसही गोंधळला. "रोज? सगळ्या डोंगरावर?"

"नाय. खोपीत बसान. जेवच्या आधी."

जेवायच्या आधी. ते ऐकलं आणि मला उमगलं. आमच्याकडे औषधाला वखद म्हणतात, आणि पिणारे दारूलाही. अकरा वर्षं रोज संध्याकाळी मी हा शब्द माझ्या घरात ऐकला होता. "जरा वखद घेतंय," असं म्हणून माझा नवरा कपाटाकडे जायचा, आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. आमच्याकडे गोव्यात मराठी की कोकणी यावरून माणसं रस्त्यावर उतरली होती, पण एका शब्दापायी माझा कागद अडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता बोलायचं कसं? हा दारूबद्दल बोलतोय असं मी सांगितलं असतं, तर मालकीण सारवासारव करते असंच त्यानं लिहिलं असतं. पेन कागदावर टेकलं होतं. मी नियम मोडला.

"आबा," मी म्हटलं, "तुमचा वखद हाडा हंय."

तो खोपीत गेला. बराच वेळ लागला. आला तो एका हातात लेबल नसलेली बाटली आणि दुसऱ्या हातात बांधलेलं गाठोडं घेऊन. तपासनिसानं बूच काढून वास घेतला आणि झटकन तोंड बाजूला केलं. काजूच्या फेणीचा वास काय लपतो?

"आता त्यांना विचारा, पंप मारता का," मी म्हटलं. फवारणीला आबा पंप मारणंच म्हणायचा.

त्यानं विचारलं. आबाला जरा रागच आला. "पंप? ह्या डोंगरार? कधी नाय."

तपासनीस हसला. त्यानं तरीही वही पुन्हा तपासली, खोपीत जाऊन कोपरान् कोपरा पाहिला, आणि मगच शेरा लिहिला. सर्टिफिकेट मिळणार होतं. मी सही केली.

तो गेल्यावर आबा गाठोडं घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "चुकी झाली, वैनीनू. नारळार हात ठेवलेलंय. जातंय मी."

मी त्याला झाडणार होते. शब्द ओठांवर होते. बाटली तिथेच दगडावर होती आणि तो वास मला नकोसा झाला होता.

"सायबान इचारल्यार नाय म्हणूक जायनासला?" मी विचारलं. नुसतं नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"तो लिवन घेय होतो," आबा म्हणाला. "खोटा कसा सांगतलंय?"

माझ्या नवऱ्याला मी अकरा वर्षं रोज विचारलं, किती घेतली. रोज उत्तर एकच असायचं, "एकदाच." पाय लटपटत असले तरी एकदाच. आणि हा माणूस, कामावरून जाणार हे माहीत असताना, कोणी खोदून विचारलेलं नसताना, आपणहून दोनदा म्हणाला होता.

"गाठोडं सोडा," मी त्याला म्हटलं, आणि पहिल्यांदाच नवऱ्यासाठी रडले.