पुढच्या हंगामाचे डोंगळे

बाविसाव्या वर्षी मी मामाच्या मळ्यातलं पुढच्या हंगामाचं कांद्याचं बी फुलासकट कापून बादलीत खोचलं, आणि बोलणी मात्र दुसरीला खाऊ दिली. हे कबूल करायला मी यंदाच्या फेब्रुवारीत, आजी झाल्यावर, नाशिकहून देवळ्याच्या एसटीत बसले. घाई कधी केली नाही मी!

चांदवड सोडलं तसे खिडकीतून पांढऱ्या गोंड्यांचे वाफे दिसू लागले. कांद्याला फुलाचा दांडा येतो, त्याला इकडे डोंगळा म्हणतात. मला डोंगळा म्हणजे मुंगळा एवढंच माहीत. बाविसाव्या वर्षी कॉलेजच्या चित्रासाठी मळ्यात आले, तेव्हा मामा म्हणाला, "डोंगळे दिसले की उपटायचे," तर मी चप्पल उगारून उभी! मामाने हसत समजावलं, की विकायच्या कांद्यात डोंगळा आला तर कांदा वाया जातो. एवढ्या ज्ञानावर चित्रकार बाईसाहेब दुसऱ्या दिवशी विहिरीजवळच्या वाफ्यात शिरल्या. तिथे नुसतेच डोंगळे! म्हटलं, चित्राला फुलं मिळतील आणि मामाला मदतही होईल. तो वाफा बियाण्यासाठी राखलेला होता.

मामीने नुसती खुंटं पाहिली. घरात नवी सून होती, महिन्यापूर्वीच निफाडहून आलेली.

"द्राक्षवाल्याची लेक! हिला कांद्यातलं काय कळतंय?"

"मी नाय तोडले, आत्याबाई (सासूबाई)."

"मग काय वाऱ्यानं नेले?"

मी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कुंचला धरून सगळं ऐकत होते. मग डोंगळे गुपचूप म्हशीपुढे टाकले आणि चित्र आठवणीने पुरं केलं. कॉलेजात त्याचं फार कौतुक झालं. फुलं अगदी जिवंत वाटतात म्हणे.

देवळ्याला उतरताना बाटली उलटून चित्रवही भिजली. रिक्षावाला म्हणाला, "आजी, चित्रं काढता? माझं काढा ना. फक्त पोट जरा आत दाखवा."

वहिनी, म्हणजे तेव्हाची ती नवी सून, खळ्यात कांद्याची पात कापत बसली होती. "या ताई! चित्रं काढायला आल्या, का आमच्या कामाला हात लावायला?" ओसरीत मामीचा हार घातलेला फोटो होता. जेवायला बाजरीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी (कुळथाच्या पिठाच्या कड्यांची आमटी). मी मागून दोनदा वाढून घेतली. लाज वाटत असली तरी भूक लागतेच.

दुपारी तिचे हात काढायला बसले. विळा, पात, कांदा, पुन्हा विळा. त्या हातांवर माझी नजर ठरेना. रेघ तिसऱ्यांदा चुकली तेव्हा वही मिटली आणि सांगून टाकलं, "वहिनी, ते डोंगळे मी कापले होते."

विळा थांबला. पुन्हा चालू झाला. संध्याकाळपर्यंत ती भाजी, पाणी, नातवंडं यांवरच बोलत राहिली.

सकाळी ती मला फाट्यावर सोडायला आली. सांगितलं की मन हलकं होईल, असा हिशेब मी घरून करून आले होते. हलकं काही झालं नव्हतं. एसटी दिसली तशी तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आत्याबाई जाईपर्यंत म्हणायच्या, हिच्या हाती बियाणं देऊ नका. मी तोडले नाय, हे मला ठाऊकच व्हतं, ताई. सांगायचं त्यांना व्हतं."