वजा एक इंच

मास्तरांचं शिवणाचं दुकान पालिकेच्या इमारतीपासून साठ पावलांवर. ही पावलं मास्तरांनी स्वतः मोजलेली आहेत. मोजल्याशिवाय ते बोलत नाहीत, आणि एकदा मोजलं की ब्रह्मदेव आला तरी गप्प बसत नाहीत. दुकानात दोन मशिनं, कापायचं एक टेबल, आरसा, आरशाशेजारी खुंटी आणि खुंटीला टेप. टेबलाच्या कोपऱ्यात जुना संगणक, त्याच्या कीबोर्डच्या फटींत कायम दोऱ्याचे तुकडे. याच कीबोर्डवरून मास्तर ‘उसवण’ नावाचा ब्लॉग लिहितात. शहरातले लोक तो चहाबरोबर वाचतात. पालिकेतले आधी केबिनचं दार लावतात, मग वाचतात.

शाळा आठवीत सुटली. पण नियम, कलमं, पोटकलमं सगळं तोंडपाठ. काजं-बटणं करताना समोरच्या भिंतीला नोटिसा टाचून ठेवायच्या आणि टाके घालता घालता वाचायच्या, असं त्यांचं कॉलेज झालं. डिग्री कुणी विचारली की मास्तर त्याच्या शर्टाच्या शिलाईकडे बोट दाखवून म्हणतात, “ही कुठून शिवली? पदवीधराकडून ना? दिसतंय.”

त्यांचं हत्यार एकच, टेप. सात वर्षांत तिनं खड्ड्यांची खोली मोजली, गतिरोधकांची उंची मोजली, आणि एका नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फलकावर त्याच्या हसण्याची रुंदीही मोजली. हसू सव्वाअकरा इंच, आणि त्याच फलकाखालच्या उघड्या गटारावरचं झाकण दहा इंच. त्या दिवशी ‘उसवण’ इतक्या लोकांनी उघडला की संगणक दमला.

आता या टेपची एक गोष्ट, जी फक्त मास्तर आणि त्यांची बायको जाणून होते. वापरून वापरून तिचा शेंडा झिजला होता. पहिला इंच गळून पडला होता आणि टेप सरळ ‘एक’ या आकड्यापासून सुरू व्हायची. मास्तरांनी ती कधी बदलली नाही. जे माप येईल त्यातून मनातल्या मनात एक वजा करायचा, की झालं. अकरा वर्षं हा हिशेब त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की झोपेत उठवून छाती मोजायला सांगितली तरी त्यांनी आधी एक वजा केला असता.

आणि मग आलं बसस्थानकावरचं शौचालय.

बसस्थानकावर चाकाच्या खुर्चीत बसून पेपर विकणारी एक ताई आहे. तिला आत जाता येईल असं शौचालय तिथं नव्हतं, म्हणून ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. मास्तरांनी त्यावर अकरा लेख लिहिले. अकराव्यात ‘पाणी’ आणि ‘खुर्ची’ हे शब्द अशा बेतानं वापरले की नगराध्यक्षांना रात्रीचं जेवण गेलं नाही. शेवटी काम मंजूर झालं. एका गवंड्यानं महिन्याभरात ते उभंही केलं. नियमानं दरवाजा छत्तीस इंचांचा हवा. उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी मास्तर टेप घेऊन हजर. माप आलं छत्तीस. वजा एक. पस्तीस!

ताई दहा पावलांवर बसली होती. तिला विचारायचं मास्तरांच्या डोक्यातच आलं नाही. ती लेखाचा विषय होती, विषयाला काय विचारायचं?

‘एक इंच कुणी गिळला?’ हा लेख दुपारी निघाला. तिसऱ्या दिवशी पालिकेचं पत्र. खाली सही अभियंत्यांची. या अभियंत्यांना अख्खं शहर ‘बघतोसाहेब’ म्हणतं, कारण पाणी येत नाही म्हणा की भिंत पडली म्हणा, ते “बघतो” म्हणतात. पत्रात लिहिलं होतं: ‘प्रत्यक्ष जागेवर पाहणी केली असता सदर दरवाजाची रुंदी पस्तीस इंच आढळून आली. संबंधित गवंड्याचे नाव कामाच्या यादीतून वगळण्यात येत असून दुरुस्ती होईपर्यंत शौचालय बंद राहील.’

मास्तरांनी ते पत्र आरशाला चिकटवलं. सात वर्षांत पालिकेनं त्यांचं एकही माप मान्य केलं नव्हतं. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आपलं कौतुक झालं, याची चौकशी व्हावी म्हणून आजवर कुणी अर्ज केल्याचं ऐकिवात नाही.

आठवड्यानं गवंडी दुकानात आला. पन्नाशीचा, हाताला सिमेंटच्या भेगा, खिशात पोलादी टेप.

“मास्तर, दार छत्तीसचं आहे.”

“दादा, मी मोजलंय. पालिकेनंही मोजलंय.”

“आणि मी बांधलंय.”

“मग बांधताना झोप लागली असेल.”

गवंडी चिडला नाही. तेच मास्तरांना खटकलं. “तीस वर्षं ओळंबा धरलाय हातात,” तो म्हणाला. “यादीतून नाव गेल्यावर शाळेच्या भिंतीचं काम गेलं. काल शेजारीण म्हणते, माझा कट्टा नको बांधूस, इंच खाशील. मुलीच्या सासरी तुमचा लेख पोचलाय. एकदा चला, माझ्यासमोर मोजा. एवढंच मागतो.”

“कुलूप लागलंय आता तिथं,” म्हणून मास्तरांनी मशिन सुरू केलं.

गवंडी गेला, तेवढ्यात बँकेतले कारकून आले. हातात नवी पँट. “मास्तर, बसताना श्वास सोडता येत नाही हो.”

“खाण्यावर लक्ष ठेवा जरा.”

“माझं वजन दोन किलोनं कमी झालंय!”

ते पँट टाकून निघून गेले. मागच्या मशिनवरून मास्तरांची बायको उठली आणि ती पँट हातात घेऊन उभी राहिली.

“अहो, तीन आठवड्यांत हे सातवे. अख्खं शहर एकदम सुटलंय का?”

“लोक बसून खातात. मी लिहिणारच आहे त्यावर.”

“लिहा. पण आधी त्या खुंटीकडे बघा. टेप नवी आहे.”

“कुठली नवी?”

“जुनी मधोमध फाटली, टाकून दिली. नवी लावली. सांगितलं होतं तुम्हाला.”

“कधी?”

“तुम्ही गटारावर लिहीत होता. ‘हं’ म्हणालात.”

मास्तरांनी टेप ओढून घेतली. पितळी पत्रा, शून्य, मग एक. पहिला इंच जागच्या जागी, कोरा करकरीत. मास्तर स्टुलावर बसले. सात गिऱ्हाइकांचे कपडे आणि एक दरवाजा. सूचना न वाचणाऱ्या अधिकाऱ्यांवर त्यांनी आजवर सव्वाशे लेख लिहिले होते, आणि घरची एक सूचना त्यांनी ‘हं’ करून निकालात काढली होती.

“कुणाला कळणार नाही म्हणा,” बायको म्हणाली. कौतुकानं नव्हे.

मास्तरांना राग आला, म्हणजे चूक कळली. ते ताडकन उठले, पालिकेतल्या शिपायाकडून शौचालयाची किल्ली मागून आणली, गवंड्याला निरोप धाडला, आणि दोघांनी कुलूप काढून दोन टेपांनी दार मोजलं. छत्तीस आणि छत्तीस. ताई खुर्चीतूनच ओरडली, “मास्तर, खुर्ची आरामात जात होती हो आत! चार दिवस काय सुखाचे होते! तुम्ही लिहिलंत आणि कुलूप लागलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“विचारलंत का?”

उघडंच ठेवायची मास्तरांची तयारी होती. पण गवंडीच घाबरला. “आदेशाशिवाय उघडं ठेवलं तर माझ्याच अंगावर येईल.” पुन्हा कुलूप लागलं. किल्ली मास्तरांच्या खिशात राहिली आणि संध्याकाळी खुंटीला गेली.

मग दुरुस्तीचा लेख. मास्तरांनी लिहिलं: ‘काही तांत्रिक कारणास्तव मोजमापात किरकोळ तफावत निदर्शनास आली असून...’ बायकोनं खांद्यावरून वाचलं.

“हे कुणी लिहिलं? बघतोसाहेबांनी?”

मास्तरांनी ते पुसलं. दुसरा मसुदा लिहिला, त्यात टेप बनवणाऱ्या कंपन्यांची झाडाझडती होती. तोही पुसला. तिसऱ्यात बायकोचा उल्लेख ‘दुकानातील अन्य घटक’ असा होता.  तो वाचून तिनं नुसती कात्री उचलून टेबलावर ठेवली. मास्तरांनी तो फारच चटकन पुसला.

शेवटी जो निघाला तो लेख नऊ ओळींचा. नाव, ‘माझं चुकलं’. दार छत्तीसचं आहे, गवंडी खरा आहे, टेप नवी होती आणि डोकं जुनं, अजून एक वजा करणारं. ज्यांचे कपडे घट्ट झाले त्यांनी आणून द्यावेत. आणि शेवटची ओळ: ‘मी चुकीचं मोजलं, पण साहेबांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन तेच चुकीचं माप कसं काढलं?’

हसणारे हसले. चौकातल्या पानवाल्यानं “मास्तर, माझी उंची सांगा, वजा एक धरून” असं विचारून घेतलं. मास्तर खाली मान घालून शिलाया सोडवत राहिले. अभिमान टाचून ठेवायला वेळ लागतो.

पाचव्या दिवशी दुसरं पत्र. ‘सदर शौचालयाचे कुलूप उघडून प्रत्यक्ष मोजणी केली असता रुंदी छत्तीस इंच आढळून आली. गवंड्याचे नाव यादीत पूर्ववत करण्यात येत आहे. शौचालय खुले करण्याबाबत स्वतंत्र आदेश होतील.’

मास्तरांनी पत्र वाचलं. मग खुंटीकडे पाहिलं. एकुलती एक किल्ली पाच दिवस टेपेखाली लटकत होती.

सात वर्षांत असा मासा गळाला लागला नव्हता. लेखाचं नाव सुचलं, पहिली ओळ सुचली, हात शिवशिवायला लागले. तेवढ्यात गवंडी पळत आला. आनंदात होता. किल्ली पाहिली, मास्तरांचा चेहरा पाहिला, आणि त्याला सगळं समजलं.

“मास्तर, हे लिहू नका.”

“दादा, अहो, पुरावा लटकतोय डोळ्यांसमोर!”

“पत्र खोटं ठरलं तर माझं नाव पुन्हा बाहेर. तुमचं एकदा चुकलं तेव्हा मी भोगलं. आता तुमचं बरोबर आहे, तेही मीच भोगू?”

 मास्तरांनी कीबोर्डमधला एक दोरा नखानं ओढून काढला. मग टेप आणि किल्ली उचलली आणि साठच्या साठ पावलं चाळीसात संपवली.

बघतोसाहेब केबिनमध्ये चहा ओतत होते. मास्तरांनी किल्ली बशीशेजारी ठेवली.

“साहेब, ही माझ्याकडे होती. तुमचं पत्र आलं त्याच्या आधीपासून.”

साहेबांचा चहा बशीबाहेर गेला. “बघतो,” ते म्हणाले.

“तेच म्हणतोय. आत्ता बघा. चला. तुम्ही मोजलंत की पत्र खरं होईल, आणि खऱ्या पत्रावर मी काय लिहिणार? आणि आजच उघडा ते. नाही आलात तर मी लिहितो, मग तुम्ही आणि तुमचं पत्र.”

लेख दाबून ठेवायची मास्तरांची ही पहिलीच वेळ. 

बसस्थानकावर साहेबांना शौचालय कुठल्या बाजूला आहे ते विचारावं लागलं. मास्तरांनी ओठ आवळून घेतले. कुलूप निघालं. मास्तरांनी टेपेचं शून्य एका चौकटीला धरलं आणि दुसरं टोक साहेबांच्या हातात दिलं. गवंडी मागं उभा, हात छातीशी घट्ट. साहेब वाकले. नोकरीत पहिल्यांदाच वाकल्यासारखे, गुडघे कटकन वाजले.

“छत्तीस,” साहेब म्हणाले.

मास्तरांच्या तोंडात ‘वजा’ आला होता. त्यांनी तो दातांखाली धरला. “छत्तीस,” तेही म्हणाले.

गवंड्यानं एवढा मोठा श्वास सोडला की टेप हलली.

“आता आदेश काढायला हवा,” साहेब सरळ होत म्हणाले. “प्रस्ताव, मग शिफारस, मग...”

“झालं का तुमचं?” मागून ताई आली, खुर्चीची चाकं दोन्ही हातांनी ढकलत. “सरका. सकाळपासून थांबलेय मी.”

साहेब एका बाजूला झाले, मास्तर दुसऱ्या. टेप अजून मध्येच ताणलेली होती. ताईनं ती उचलून बाजूला टाकली, खुर्ची आत घेतली आणि दोघांच्या तोंडावर दार लावून घेतलं.