आत्याची अर्धी निवृत्ती

माझी आत्या एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या शिवणखोलीत चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांच्या हिरव्या झग्यांच्या तुटक्या नाड्या शिवते आहे. त्या खोलीत तिने जकातनाका बसवलाय. फाटकं घेऊन येणाऱ्याने आधी सुईत दोरा ओवून द्यायचा. नर्स असो की मोठे डॉक्टर, सुटका नाही. सकाळच्या गर्दीत दहा-बारा सुया तयार होतात आणि आत्याचा दिवस सुखाने जातो.

यंदा तिला साठ वर्षं पूर्ण होणार होती. पेन्शन कचेरीतले साहेब जेवणाच्या सुट्टीत नवा नियम समजावायला आले. पूर्वी एका पेन्शनरामागे पाच कमावते असत, आता जेमतेम दोन. माणसं जास्त जगतात ही आनंदाचीच गोष्ट, पण तिजोरीला धाप लागते. म्हणून ज्यांना झेपेल त्यांनी आणखी तीन वर्षं अर्धा दिवस काम करायचं आणि अर्धी पेन्शन घ्यायची. मग पूर्ण पेन्शन मिळेल, तीही थोडी वाढवून.

"आणि माझी पेन्शन येते कुठून?" आत्याने विचारलं.

"आज जे तरुण नोकरीत आहेत त्यांच्या पगारातून."

मी तिचा विसरलेला डबा द्यायला आलो होतो आणि महिन्यापूर्वीच एका कुरिअर कचेरीत चिकटलो होतो. आत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"याच्या जिवावर? साहेब, हा अजून गाडीत पेट्रोल माझ्या पैशाने टाकतो. द्या तो अर्ज इकडे."

सगळी शिवणखोली हसली. मीही हसलो, करतो काय!

अर्जात मात्र एक रकाना होता, दृष्टीचा. तिथे हॉस्पिटलच्याच डोळ्यांच्या डॉक्टरांची सही नसेल तर आत्या महिनाअखेर घरी. आत्या घरी बसणं म्हणजे काय, ते माझ्या बाबांना विचारा. मागे चार दिवस रजेवर होती तर धाकट्या भावाचं, म्हणजे बाबांचंच, कपाट तिने तीनदा आवरलं. चौथ्या दिवशी बाबांना स्वतःचे मोजे सापडेनात. पण चेष्टा सोडा, त्या खोलीशिवाय तिला करमत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी तिने मला बोलावलं. "तो डॉक्टरांकडचा अक्षरांचा तक्ता फोनवर मोठा करून दाखव."

"अगं, पाठ करणार की काय?"

"मग! परीक्षाच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खुर्चीत बसताच तिने सगळ्या ओळी घडाघडा म्हणून टाकल्या.

"आत्याबाई," डॉक्टर म्हणाले, "मी अजून तक्त्याचा दिवा लावला नाही."

आत्या ओशाळली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "खरं सांगते. पाच वर्षं झाली, सुईत दोरा जात नाही माझ्याच्याने."

"मला नवीन सांगताय? चाळीस सुया तर माझ्याकडूनच ओवून घेतल्या असतील. हा चष्मा कधीचा?"

आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा चौथीत होता तेव्हाचा."

"मग डोळे तरी काय करणार बिचारे!"

डॉक्टरांनी तिच्या नाकावर ती जाडजूड तपासणीची चौकट चढवली आणि एकेक भिंग बदलत गेले. चौथ्या भिंगाला आत्या थांबली. तक्ता वाचला, हातातल्या कार्डावरची बारीक अक्षरं वाचली, वर छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. डॉक्टरांनी नवा नंबर लिहिला आणि अर्जावर झोकात सही ठोकली.

आत्या चौकट काढायला तयार होईना. खिडकी बघितली, डॉक्टरांच्या कोटावरचा डाग दाखवला, मग माझ्याकडे वळली आणि एकदम ओरडली, "अरे, तुझ्या कानाजवळ पांढरा केस!"

"एकच आहे," मी म्हणालो.

"दोन आहेत." तिने डॉक्टरांकडे पाहिलं. "कामाच्या त्या तीन वर्षांची पाच करता येतात का हो? या पोराचं काही खरं दिसत नाही."